सकाळी गाडी चालू व्हायला त्रास देते? जुन्या एमपीएफआय गाडीचा बिघाड असा शोधा

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा 10 अंशांखाली गेला की जुन्या एमपीएफआय गाड्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्या, रुसतात. सकाळी सेल्फ मारून मारून जीव मेटाकुटीला येतो, पण एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. गॅरेजपर्यंत नेईस्तोवर इंजिन तापलेलं असतं आणि मिस्त्रीच्या हाती गाडी लगेच चालू होते. बिघाड दिसतच नाही म्हटल्यावर अंदाजाने प्लग बदलतात, फिल्टर बदलतात. पैसे जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. म्हणून निम्मी तपासणी मालकानेच करायला हवी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, पहिला सेल्फ मारण्याआधी.

एक साधा डिजिटल मल्टिमीटर जवळ ठेवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि गाडी बंद गॅरेजमध्ये असेल तर शटर पूर्ण उघडं.

आधी कान द्या

सेल्फ मारल्यावर इंजिन रोजच्या जोमाने फिरतं की रडतरडत? रडत असेल तर पेट्रोल, सेन्सर यांच्या मागे लागूच नका, बॅटरी बघा. बॅटरीचं आयुष्य खातो तो आपला मे महिन्यातला 45 अंशांचा उन्हाळा. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फवर जोर येतो आणि मग तो अशक्तपणा उघडा पडतो. सकाळी गाडीला हात लावण्याआधी बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. 12.2 म्हणजे बॅटरी जवळपास अर्धी. दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगून मीटर बघा: आकडा 9.6 च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी दुकानात तपासून घ्या. त्याआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करा आणि इंजिनला येणारी अर्थिंगची पट्टी घट्ट आहे ना पाहा. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागतं.

सेल्फ जोमात, पण इंजिन पकडत नाही

किल्ली फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक घूंऽ असा आवाज यायला हवा. तो पेट्रोल पंप. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, मग पंप, या क्रमाने तपासा.

आवाज येत असेल तर किल्ली ऑन करून आवाज थांबेपर्यंत थांबा आणि पुन्हा ऑफ करा. असं तीनदा केल्यावर सेल्फ मारा. आता गाडी पटकन चालू झाली तर समजा, लाइनमधला दाब रात्रीतून उतरतोय. पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह, प्रेशर रेग्युलेटर किंवा थेंब गाळणारा इंजेक्टर, यांपैकी कोणीतरी दोषी आहे. इंजेक्टर गळत असेल तर चालू होताना काळा धूर येतो आणि प्लग काढल्यावर ओला निघतो. पेट्रोलची लाइन मात्र घरी सोडू नका, आत दाब असतो. आणि रबरी पाइपला चिरा दिसल्या किंवा पेट्रोलचा वास आला तर आधी पाइप बदला, गाडी चालवणं नंतर.

ज्या सेन्सरवर माझा सर्वात जास्त संशय असतो

थर्मोस्टॅटजवळ दोन वायरींचा एक छोटा सेन्सर असतो, कूलंट टेम्परेचर सेन्सर. इंजिन किती थंड आहे हे ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) यावरूनच कळतं आणि त्याप्रमाणे तो पेट्रोल वाढवतो. सेन्सरने थंड इंजिनला गरम म्हटलं की पेट्रोल कमी पडतं आणि गाडी पकडत नाही. सतत बर्फासारखी थंडी सांगितली तर पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजतात. किल्ली ऑफ करून कनेक्टर काढा. पिना हिरव्या पडल्या असतील तर इथेच थांबून त्या साफ करा. मग सेन्सरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत 20 अंशांना तो 2 ते 3 किलोओहम असतो, थंडीच्या सकाळी त्याहून जास्त, आणि इंजिन पूर्ण तापल्यावर 300 ओहमच्या आसपास. थंड इंजिनवर काही शेच ओहम दिसले तर सेन्सर बदला. स्वस्त भाग आहे, पण पुष्कळ महागडे भाग याच्यापायी विनाकारण बदलले जातात.

ॲक्सिलरेटर दाबल्यावरच चालू होते?

मग थ्रॉटल बॉडीत (इंजिनला जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात) कार्बन साचलाय किंवा पेडल न दाबता इंजिनला हवा देणारा आयडल एअर व्हॉल्व्ह अडकलाय. थ्रॉटल बॉडी क्लीनर मारून साफ करून घ्या. कार्बोरेटरच्या सवयीने सेल्फच्या आधी पेडल पंप करू नका, इथे त्याने पेट्रोल येत नाही. इंजिन फ्लड झालं असेल, म्हणजे जादा पेट्रोलने भिजलं असेल, तेव्हाच पेडल पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत त्या वेळी इंजेक्टर बंद राहतात आणि जादा पेट्रोल निघून जातं. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

सीएनजी किंवा एलपीजी किट असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट बघा. वर्षभर गॅसवर पळवून टाकीच्या तळाशी जुनं पेट्रोल पडून राहतं, इंजेक्टर चिकटतात आणि सकाळचा स्टार्ट पेट्रोलवर असतो तेव्हाच ते जाणवतं. ताजं पेट्रोल भरा आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

एवढं करूनही कारण सापडलं नाही तर बॅटरीचे व्होल्ट, सेन्सरचा रेझिस्टन्स आणि तीनदा किल्ली फिरवल्यावर काय झालं, हे कागदावर लिहून गाडी संध्याकाळीच गॅरेजात सोडा. सकाळी मिस्त्री येण्याआधी कोणी ती चालू करू नये, हे निक्षून सांगा.