जुन्या ऑटोमॅटिक गाडीत डीच्या खालचे गिअर कधी आणि कसे वापरावे

जुनी ऑटोमॅटिक गाडी घेणारे बरेच जण पी (पार्किंग), आर (रिव्हर्स) आणि डी (ड्राइव्ह) एवढ्यावरच भागवतात. डीच्या खाली २ आणि एल (लो) लिहिलेलं असतं, तिकडे कुणी बघत नाही. शहरात त्यावाचून काही अडत नाही, घाटात मात्र अडतं.

१. गाडी सुरू करा. ब्रेक दाबा. क्लचचं पॅडल नसल्यामुळे डाव्या पायाला काम नाही. तो बाजूला ठेवा आणि ब्रेक, ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने दाबा. लिव्हर पी किंवा एनवर (न्यूट्रल) नसेल तर स्टार्टर फिरतच नाही. चावी फिरवूनही गाडी गप्प राहिली, तर बॅटरीला दोष देण्याआधी लिव्हर बघा.

२. आर टाकताना थांबा. म्हणजे गाडी पूर्ण थांबवा. आज आर आणि डीच्या मध्ये एन असतो, पण तो पहिल्यापासून नव्हता. १९४० च्या ओल्ड्समोबाईल या अमेरिकन गाडीत हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला, त्यात आर अगदी टोकाला, एलच्या शेजारी होता. पुढचे आणि मागचे गिअर असे चिकटून असले की हात चुकण्याची धास्ती. शेवटी अमेरिकेत १९६८ पासून मध्ये न्यूट्रल हवाच, असा नियम झाला.

३. डीमध्ये चालवा. पुढचे सगळे गिअर गाडी स्वतः बदलते. ओव्हरटेक करायचं असेल तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबा, गाडी आपणहून खालचा गिअर घेते. लिव्हरवर ओव्हरड्राइव्हचं (म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरचं) बटण असेल तर ते सहसा चालू ठेवा. चढावर गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सारखी घुटमळत असेल तेव्हा ते बंद करा. डॅशबोर्डवर ‘ओ/डी ऑफ’ दिसलं की चौथा गिअर बंद झाला.

४. उतार लागण्याआधी २ किंवा एल घ्या. बऱ्याच गाड्यांत २ म्हणजे दुसऱ्याच्या वर जायचं नाही. काहींत मात्र गाडी सुटतेच दुसऱ्यात आणि तिथेच राहते. एल म्हणजे फक्त पहिला.

अनेक गिअरबॉक्समध्ये डीमधला पहिला गिअर एका बाजूनेच पकडणाऱ्या क्लचवर चालतो. इंजिन चाकांना ढकलतं, पण उतारावर चाकं इंजिनला ओढू लागली की तो क्लच सुटा फिरतो. एल टाकल्यावर आतला आणखी एक बँड (पट्टा) किंवा क्लच आवळला जातो, मग इंजिन गाडीला मागे खेचून धरतं. म्हणून आंबेनळीसारखा घाट उतरताना नुसत्या डीवर आणि ब्रेकवर विसंबू नका. ब्रेक तापले की पॅडल दाबूनही गाडी नीट थांबत नाही. जळका वास येऊ लागला तर तुम्ही आधीच उशीर केलेला असतो.

वेग मात्र आधी ब्रेकने कमी करा, मग लिव्हर खाली ओढा. कोणत्या वेगाखाली एल टाकायचा, तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर एन टाकणाऱ्यांचं ऐकू नका. त्यात इंजिनाचा सगळा आधार जातो, आणि फ्युएल इंजेक्शनच्या (म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत गिअरमध्ये उतरतानाच पेट्रोल जवळपास बंद होतं.

५. उतारावर गाडी उभी करताना क्रम पाळा. ब्रेक दाबून ठेवा, एन टाका, हँडब्रेक ओढा, मग ब्रेक हळूच सोडा. गाडीचं वजन हँडब्रेकवर बसलं की पुन्हा ब्रेक दाबून पी टाका. पीमध्ये एक छोटा लोखंडी दात गिअरबॉक्सच्या चाकात अडकतो. थेट पी टाकलात तर गाडीचा सगळा भार त्या दातावर येतो, आणि सकाळी पीमधून लिव्हर काढताना खाडकन आवाज होतो.

६. बंद पडली तर ओढत नेऊ नका. गिअरबॉक्समध्ये तेल खेळवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, चाकं फिरतायत आणि आत तेल नाही, अशी गत होते. पुढची चाकं चालवणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलून न्या. त्याहून बरं म्हणजे फ्लॅटबेड मागवा.