‘द लास्ट सामुराई’ इतिहास हाताशी ठेवून कसा पाहावा

एडवर्ड झ्विक दिग्दर्शित ‘द लास्ट सामुराई’ (२००३) हा सुमारे अडीच तासांचा चित्रपट प्रथम पाहताना इतिहास बाजूला ठेवावा आणि केवळ नेथन ऑल्ग्रेन या अमेरिकी कॅप्टनकडे लक्ष द्यावे. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या कत्तलीत सहभागी झाल्याची टोचणी दारूत बुडवू पाहणारा हा माणूस जपानी सैन्याला बंदुका चालवायला शिकवण्यासाठी येतो आणि पहिल्याच लढाईत सरकारविरुद्ध उठलेल्या सामुराईंच्या, म्हणजे जपानच्या वंशपरंपरागत योद्ध्यांच्या, हाती सापडतो. (पुढे शेवटाचा उल्लेख आहे.)

दुसऱ्यांदा पाहताना सामुराईंच्या गावातील हिवाळ्याचा भाग सावकाश, थांबत पाहावा, कारण ऑल्ग्रेनमधला बदल तिथेच घडतो. ज्याला त्याने ठार मारले, त्याच्याच विधवेच्या, ताकाच्या घरी त्याला ठेवलेले असते. तो तिच्या हातातले ओझे घेऊ लागतो, तेव्हा जपानी पुरुष असे काम करत नाहीत असे ती सांगते. त्यानंतर तो मोडक्या जपानीत तिची क्षमा मागतो. हा प्रसंग मला सर्व लढायांपेक्षा मोलाचा वाटतो. कोण कोणाच्या भाषेत बोलते, हे इथून पुढे टिपत जावे, आणि त्यासाठी जपानी संवादांची उपशीर्षके चालू ठेवावीत.

मग इतिहास उघडावा. बंडखोर सामुराईंचा नेता कात्सुमोतो हे पात्र १८७७ च्या सात्सुमा बंडाचे नेते सायगो ताकामोरी यांच्यावरून सुचलेले आहे. १८७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली, १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि त्याच वर्षी सामुराईंच्या वंशपरंपरागत वेतनाचे सरकारी रोख्यांत रूपांतर झाले. सरकारविरुद्धच्या या सामुराई बंडामागे मानापमानाइतकाच पोटापाण्याचाही प्रश्न होता. चित्रपट हा व्यवहाराचा भाग जवळजवळ गाळतो. कात्सुमोतो बंदुकीला हात लावत नाही. सायगो यांच्या बंडखोरांनी मात्र कुमामोतोच्या किल्ल्याला वेढा घातला तो बंदुका आणि तोफा घेऊन. २४ सप्टेंबर १८७७ रोजी शिरोयामाच्या टेकडीवरील अखेरच्या लढाईत त्यांच्यापैकी काही शेच उरले होते.

ऑल्ग्रेनचा मूळ धागा शोधायचा असेल, तर अमेरिकेकडे नव्हे, फ्रान्सकडे पाहावे. ज्यूल ब्रुने हा फ्रेंच अधिकारी १८६७ मध्ये शोगुनच्या, म्हणजे सम्राटाच्या नावाने प्रत्यक्ष सत्ता चालवणाऱ्या लष्करी शासकाच्या, सैन्याला शिकवण्यासाठी जपानमध्ये आला, आणि शोगुनशाही कोसळल्यावर परत न जाता शोगुनच्या बाजूचे सेनानी एनोमोतो ताकेआकी यांच्यासोबत उत्तरेकडील हाकोदाते बंदरापर्यंत सम्राटाच्या सैन्याशी लढत राहिला. १८६९ मध्ये पराभव समोर दिसू लागल्यावर तो फ्रेंच जहाजातून निसटला. इथे वाचकाने एक गोष्ट विसरू नये: त्या युद्धात सायगो सम्राटाच्या बाजूचे सेनानी होते, म्हणजे ब्रुनेच्या विरुद्ध बाजूला. प्रत्यक्षात शत्रुपक्षांत असलेल्या दोन माणसांच्या कथा चित्रपटाने एका तंबूत आणल्या आहेत, आणि त्यासाठी ब्रुनेची लढाई जवळपास दहा वर्षे पुढे ढकलली आहे.

हे ध्यानात घेऊन अखेरचा हल्ला पुन्हा पाहावा. एकामागून एक झपाट्याने गोळ्या झाडणाऱ्या गॅटलिंग तोफांसमोर कात्सुमोतोची माणसे पडतात, पण परदेशी वाचतो, आणि कात्सुमोतोची तलवार सम्राटाकडे तोच नेतो. मला ही जुळवाजुळव खटकते. म्हणून तिसऱ्या वेळी ऑल्ग्रेन पडद्यावर असतानाही नजर कात्सुमोतोच्या उजिओ या सामुराईवर ठेवावी. पावसात लाकडी तलवारीने परदेशी पाहुण्याला वारंवार लोळवणारा हा सामुराई पुढे त्याला किती हळूहळू आपला मानतो, ते फार थोड्या संवादांत दाखवलेले आहे.