उत्तर २५ की ५०? निर्देशक भूमितीतल्या चौरसाच्या या चुका टाळा

(−१, −२), (−२, ५), (२, २) आणि (−५, १) हे एका चौरसाचे शिरोबिंदू आहेत. क्षेत्रफळ आणि परिमिती काढा. एवढ्याशा गणिताला वहीत ५०, ४९ आणि चक्क १ अशी क्षेत्रफळं सापडतात. बरोबर उत्तर २५ चौरस एकक.

५० कुठून येतं? पहिले दोन बिंदू उचलले, अंतराचं सूत्र (x मधला फरक आणि y मधला फरक यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) लावलं, √५० आलं, बाजू समजून वर्ग केला. पण ते बिंदू समोरासमोरचे आहेत, म्हणजे काढला तो कर्ण! चौरसाला क्रमाने 'अबकड' असं नाव दिलं असेल तर अ आणि ब शेजारी असतात. नुसते चार बिंदू दिले असतील तर क्रमावर भरवसा ठेवू नका. एका बिंदूपासून उरलेल्या तिघांची अंतरं काढा. (−१, −२) पासून ती √५०, ५ आणि ५ येतात. सारखी दोन म्हणजे बाजू, मोठं ते कर्ण. कच्ची आकृती काढली तर हे आकडेमोडीआधीच दिसतं, पण ती काढायचा आळस फार.

१ हे उत्तर चिन्हाने केलेला घात. (−१, −२) आणि (२, २) यांत २ − (−१) म्हणजे ३, आणि २ − (−२) म्हणजे ४. घाईत २ − १ आणि २ − २ लिहिलं की बाजू १ होते. ऋण संख्या कंसातच लिहा.

४९ मात्र मजेशीर आहे. √(९ + १६) ची फोड ३ + ४ अशी केली, बाजू ७ आली. बेरजेचं वर्गमूळ असं सुटं होत नाही. ते √२५, म्हणजे ५. गंमत अशी, की ४९ हे आपल्या तिरक्या चौरसाला बाहेरून घट्ट बसणाऱ्या सरळ चौकटीचं क्षेत्रफळ आहे! तिच्या चार कोपऱ्यांत ३ आणि ४ बाजूंचे काटकोन त्रिकोण उरतात, प्रत्येकी ६. मग ४९ − २४ = २५. उत्तराचा ताळा घ्यायला ही युक्ती मला सूत्रापेक्षा आवडते.

परिमिती २० एकक. १०० आली असेल तर वर्गमूळ घ्यायचं राहिलं. उलट, क्षेत्रफळाला वर्गमूळ लागतच नाही. बाजू √१८ असेल तर क्षेत्रफळ सरळ १८, ४.२४ चा वर्ग करत बसलात तर १७.९७७६ येईल.

आणि 'चौरस आहे हे दाखवा' असं विचारलं असेल तर चार बाजू समान दाखवून थांबू नका. (०, ०), (५, ०), (८, ४), (३, ४) यांच्याही चारही बाजू ५ आहेत, पण कर्ण √८० आणि √२०. हा समभुज चौकोन आहे, चौरस नाही. परिमिती २० च, पण क्षेत्रफळ कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मं, म्हणजे २०.