यूकेत आल्यावर पिंपल्सचं काय करायचं

दर सप्टेंबरला नवीन मुलंमुली येतात आणि दिवाळीच्या आसपास मला मेसेज येतोच, ताई, जीपीने (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने) काहीच दिलं नाही, एक जेल दिलं आणि तीन महिन्यांनी ये म्हणाली. मी डॉक्टर नाही, पण चौदा वर्षं इथे रेडिंगला राहतेय आणि माझ्या मुलीचं सगळं यातूनच गेलंय, म्हणून सांगते, ते जेल हीच ट्रीटमेंट आहे.

इथले डॉक्टर नाइसच्या, म्हणजे उपचार कसे करायचे ते ठरवून देणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेच्या, 2021 च्या गाइडलाइनप्रमाणे चालतात. त्यात पहिला कोर्स 12 आठवड्यांचा आहे, बहुतेक वेळा अ‍ॅडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एकत्र असलेलं जेल. आपल्याकडे कसं, केमिस्टकडे गेलं की तो अझिथ्रोमायसिनची स्ट्रिप आणि क्लिंडामायसिनचं जेल हातात ठेवतो, आठ दिवसांत फोड बसले की आपण खूश, आणि महिन्याभरात परत येरे माझ्या मागल्या. नुसतं अँटिबायोटिक, मग ते लावायचं असो की खायचं, इथे पिंपल्ससाठी देऊच नका असं गाइडलाइन स्पष्ट सांगते, आणि लावायचं एक नि खायचं एक अशी दोन अँटिबायोटिक्स एकत्रही नकोत, कारण जंतूंना त्याची सवय होते. बेंझॉइल पेरॉक्साइडची तशी सवय होत नाही. पिंपल्स जास्त असतील तर लायमेसायक्लिन किंवा डॉक्सीसायक्लिन ही खायची अँटिबायोटिक्स देतात पण सोबत जेल असतंच, आणि सहसा सहा महिन्यांच्या पुढे नेत नाहीत. डॉक्सी भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर लगेच आडवं होऊ नका, आणि उन्हात जपून.

जेल रात्री, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्यावर पातळ, नुसतं फोडावर टिपका लावायचा नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावा, कातडी सुटेल, जळजळेल, तेव्हा घाबरून बंद करतात सगळे आणि तिथेच चुकतं. हो, आणि उशीवर पांढराच अभ्रा घाला, माझ्या मुलीने माझ्या आईने दिलेली मरून सोलापुरी चादर अंगावर घेतली होती, आठवड्याभरात कडेला नारिंगी डाग, बेंझॉइल पेरॉक्साइडने कपड्याचा रंग उडतो आणि तो धुऊन जात नाही.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. गेल्या वर्षी नाशिकची एक मुलगी घरी आली, पाऊच माझ्या किचनच्या टेबलावर रिकामा केला, पाच ट्यूब, आणि त्यातल्या एकीवर मागे बारीक अक्षरात मोमेटासोन. घरी पार्लरवालीने सांगितलेलं, दोन वर्षं चेहऱ्याला रोज. इथे आल्यावर ट्यूब संपत आली म्हणून लावणं बंद केलं, तर गाल लालबुंद, हीटरजवळ बसलं की आग आग, आणि आधीपेक्षा जास्त फोड. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइड्स आहेत, पिंपल्सची औषधं नाहीत. 2018 ला भारत सरकारने अशी क्रीम्स शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत, टाकली तरी गल्लीतल्या दुकानात अजून मिळतातच. तुमच्याकडे असेल तर लपवू नका, ट्यूबचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि जीपीला दाखवा, किती दिवस लावली तेही सांगा, कोणी रागावत नाही.

आणि आयसोट्रेटिनॉइनच्या, म्हणजे खूप जास्त पिंपल्ससाठीच्या, गोळ्या घरून कुरिअरने मागवू नका, प्लीज. गर्भाला त्याने गंभीर व्यंग होऊ शकतं, म्हणून इथे ती स्किन स्पेशालिस्टच्या देखरेखीखालीच मिळते, आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये 18 वर्षांखाली सुरू करायला औषध लिहून देणाऱ्या दोघांची संमती हवी असा नियम आला. प्रेग्नंट असाल किंवा विचार असेल तर अ‍ॅडापलीनही नको, आधी सांगा.

खर्चाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये 2024 च्या मेपासून एका औषधाला 9.90 पाउंड, दोन औषधं एकत्र असलेलं जेल एकच धरतात, स्कॉटलंड-वेल्सला फुकट. नुसतं 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतं, सौम्य पिंपल्स असतील तर फार्मासिस्टला विचारून तिथून सुरुवात करा. आणि आल्या आल्या जीपीकडे नाव नोंदवा, त्याला पैसे नाहीत, पत्त्याचा पुरावा नसला तरी नोंदवतात.

डाग जायला मात्र महिने लागतात, आपल्या कातडीवर ते जास्त उठून दिसतात. सनस्क्रीन लावत रहा, फोड फोडू नका, आणि 12 आठवडे झाले की अपॉइंटमेंट घ्या, बरं वाटत असलं तरी.