सोलरचं पाणी पहाटे गार का होतं? या चुका टाळा

बेळगावात थंडी पडली की आमच्या धंद्यातल्या माणसाचा फोन पहाटेच वाजायला लागतो. "सोलर बिघडलंय, बघून जावा की." बहुतेक वेळा सोलर बिघडलेलं नसतंच. त्यात बिघडण्यासारखं आहे काय? पंप नाही, मोटर नाही. पॅनेलमधलं पाणी तापतं, हलकं होतं, वरच्या पाइपनं टाकीत चढतं. टाकीच्या तळाचं गार पाणी खालच्या पाइपनं पॅनेलमध्ये उतरतं. ऊन असेपर्यंत हा फेरा चालू. शाळेच्या पुस्तकात याला अभिसरण म्हणतात आणि परीक्षा झाली की सगळे विसरतात. बसवणारेसुद्धा.

या फेऱ्याचा जोर किती असतो ते आधी समजून घ्या, पुढचं निम्मं आपोआप कळेल. एक लिटर पाणी 20 अंश सेल्सिअसला 998 ग्रॅम भरतं, 60 अंशाला 983. फरक 15 ग्रॅमचा. मीटरभर उंचीत त्याचा जोर जमतो तो दीड सेंटीमीटर उभ्या पाण्याच्या दाबाएवढा. तोंडानं फुंकलं तरी याहून जास्त दाब पडतो. एवढ्याशा जोरावर दिवसभर पाणी फिरवायचं असेल तर त्याच्या वाटेत काहीही आडवं घालून चालत नाही.

टाकी पॅनेलच्या बरोबरीला ठेवणे

ही चूक बघितली की माझं डोकं फिरतं. टिळकवाडीतल्या एका घरची गोष्ट सांगतो. तिथल्या काकांची तक्रार अशी, "रात्री दहाला हात भाजतोय, आणि पहाटे पाचला कोमटसुद्धा नाही." माझ्याआधी एकानं टाकीचं वेष्टण खराब म्हणून टाकी बदलायला सांगितली होती. दुसऱ्यानं सगळ्या पाइपांना फोम गुंडाळून पैसे घेतले होते. तिसऱ्यानं तर सुनेवर ढकललं, घरातलं कोणीतरी रात्री पाणी वापरतंय म्हणे!

मी म्हटलं, "काका, मी दिवसा येत नाही, रात्री जेवून येतो." अंधार पडल्यावर पॅनेलच्या वरच्या पाइपाला हात लावला. रात्री तो गार पडायला हवा. तो चांगला गरम होता. पहाटे शेजारच्या पॅनेलच्या काचेवर दव, काकांच्या काचेवर थेंब नाही. म्हणजे दिवसभर तापवलेलं पाणी रात्रभर पॅनेलमध्ये येऊन आकाशाला ऊब देत होतं.

कारण साधं होतं. रात्री पॅनेल उघड्या आभाळाखाली गार पडतं, त्यातलं पाणी जड होऊन खाली बसतं. टाकीचा तळ पॅनेलच्या माथ्याच्या खाली किंवा बरोबरीला असला, की हे जड पाणी खालच्या पाइपनं टाकीत शिरतं आणि टाकीतलं गरम पाणी वरून पॅनेलमध्ये ओढलं जातं. फेरा उलटा सुरू. टाकी वर असली तर गार पाणी पॅनेलच्या तळाशी पडून राहतं, त्याला वर चढवायला कोणी नसतं.

काकांच्या टाकीचे पाय कापले होते. का, तर टाकी रस्त्यावरून दिसायला नको, कठड्याआड लपली पाहिजे. घराच्या शोभेसाठी रोज पहाटे गार पाण्याची अंघोळ!

उपाय एकच, स्टँड उंच करा. टाकीचा तळ पॅनेलच्या माथ्यापेक्षा निदान 30 सेंटीमीटर वर. मी स्वतः त्याहून चार बोटं जास्तच ठेवतो. काकांना मात्र वेल्डिंगचा खर्च नको होता, त्यांनी मध्ये एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घेतला. उलटं जाणं थांबलं हे खरं. पण त्या व्हॉल्व्हची स्प्रिंग उघडायला लागणारा जोर या बिचाऱ्या पाण्यात येणार कुठून? दिवसा तापणंही थांबलं. शेवटी स्टँडच उंच केला, व्हॉल्व्हचे पैसे गेले ते गेले.

हे सपाट काचेच्या पॅनेलबद्दल सांगतोय. नळ्यांच्या सोलरला टाकी नळ्यांच्या डोक्यावरच असते, तिथे ही भानगड फारशी होत नाही. तिथे लोक वेगळ्या चुका करतात, नळ्या जवळजवळ आडव्या ठेवतात. एकाच नळीत वरच्या अंगानं गरम पाणी चढतं आणि खालच्या अंगानं गार उतरतं. उतार नसेल तर दोन्ही एकमेकांच्या वाटेत येतात. आपला अक्षांश 16 अंशांच्या आसपास. त्यात दहा-पंधरा मिळवा, तेवढ्या अंशांचा उतार द्या, तोंड दक्षिणेकडे करा आणि थांबा.

पाइपाला मध्येच उंचवटा

पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते, बुडबुडे होतात आणि वर जातात. पॅनेलमधून टाकीकडे जाणारा पाइप सलग चढता असेल तर ते टाकीत जाऊन व्हेंटमधून, म्हणजे टाकीवरच्या हवेच्या उघड्या पाइपातून, निघून जातात. पण कुठे पाइप वर जाऊन परत खाली वळला, की त्या उंचवट्यात हवा साठते. दीड सेंटीमीटरचा जोर तिच्यापुढे काय करणार? पॅनेल उकळतंय आणि टाकी गार, असं दिसलं तर आधी हेच बघा. नवे फिटर दोन एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, वाचवायला पाइप वाकवून घेतात. मी गवंड्याची पाण्यानं भरलेली लेव्हल नळी बरोबर ठेवतो, नजरेवर विश्वास ठेवत नाही. शक्य तिथे काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड घालतो.

व्हेंटमधून पाणी ठिबकतं म्हणून त्याला बूच मारणारे भेटतात. मारू नका. हवा आत आली नाही तर पाणी ओढताना टाकी पिचकते. ठिबकत असेल तर व्हेंटचा पाइप गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीच्या वर न्या.

गार पाणी वरून सोडणे

जुना बंब आठवा. गार पाणी नळीनं तळाशी जायचं आणि गरम वरून निघायचं. सोलरलाही तेच हवं. गार पाणी वरून सोडलं की ते खाली बसताना सगळं ढवळून कोमट करतं.

बोअरचं पाणी लावणाऱ्यांनी पॅनेलमध्ये साठणारा क्षार धरून चालावं. आतल्या बारीक नळ्या चोंदल्या की फेरा बंद. माझ्या मते शक्य असेल तिथे नळाचं पाणीच जोडावं.

बादलीत रॉड अर्धवट

रॉड वरच्या वर लोंबकळत ठेवला की त्याच्या वरचं पाणी वाफाळतं आणि तळाचं गारच राहतं. गरम पाणी खाली जाणार नाही, कितीही वाट बघा. रॉड खुणेपर्यंत बुडवा आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका.

बंद न्हाणीघरात गॅस गिझर

सोलर गार म्हणून पुष्कळ जण हा घेतात. खिडकी बंद, वाऱ्याला वाट नाही, आणि आत ज्योत. जळायला ताजी हवा आत यायला हवी आणि जळून झालेली बाहेर जायला हवी. नाही गेली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. गिझर बाहेर बसवा, फक्त पाइप आत घ्या. जागा नाही म्हणणाऱ्याकडे मी हे काम घेत नाही.

चुलीचं धुराडं आडवं

खानापूरकडच्या घरांत न्हाणीची चूल अजून पेटते. तिचा पाइप भिंतीतून काढून तसाच आडवा सोडतात आणि वर धूर कोंडतो म्हणून लाकडाला शिव्या घालतात. पाइप उभा करा, छपराच्या वर न्या. पावसाळ्यात पहिल्यांदा पेटवताना धुराड्यातली हवा गार, जड असते, ती धूर परत फेकते. धुराड्याच्या तोंडाशी कागदाचा बोळा जाळा, आतली हवा वर चालायला लागली की मग लाकडं लावा.