नवा ड्रायव्हर: पिशवीत घालण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी घरी वही घेऊन बसा आणि सध्याच्या ड्रायव्हरबद्दल, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात लांब फटका मारायच्या काठीबद्दल, तुमची तक्रार नेमकी काय आहे ते लिहून काढा. ‘अंतर कमी पडतं’ एवढ्यानं भागत नाही. चेंडू उजवीकडे वळतो का? उंच चढून जागच्या जागी पडतो का? की बसला तर सुरेख जातो, पण दहांत चारच बसतात? या तिन्ही तक्रारींची औषधं वेगळी आहेत.

मी हे न लिहिता गेले होते. एका दुकानात, एसीच्या खोलीत, पडद्यावर बारा चेंडू मारले. त्यातला एक माझ्या नेहमीच्या ड्राइव्हपेक्षा वीस यार्ड पुढे गेल्याचं पडद्यानं दाखवलं आणि त्या एका आकड्यावर मी पैसे मोजले. बाकीचे अकरा कुठे गेले होते हे मी विचारलंच नाही. कोर्सवर माझे चेंडू तिथेच जायला लागले, उजवीकडच्या झाडांत. शाफ्ट, म्हणजे काठीचा दांडा, माझ्या वेगाला फार कडक होता, हे कळायला चार महिने गेले. तेव्हापासून नव्या ड्रायव्हरला मी पहिला प्रश्न हाच विचारते: चुकलेला फटका कुठे जाऊन पडतो?

वहीनंतर मोजपट्टी. जुना ड्रायव्हर जमिनीवर टेकवून शाफ्टच्या मागच्या बाजूनं ग्रिपच्या टोकापर्यंत मोजा. हल्लीचे बरेचसे ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास येतात. तुमचा जुना पाऊण इंच आखूड असेल, तर नव्याशी तुलना करताना ते ध्यानात असू द्या. लांब शाफ्टनं वेग वाढतो, पण चेंडू फेसच्या (चेंडूवर आदळणाऱ्या पृष्ठभागाच्या) मधोमध बसणं अवघड होतं. नियमांप्रमाणे कमाल लांबी 48 इंच आणि हेडचं, म्हणजे काठीच्या डोक्याचं, आकारमान 460 घन सेंटिमीटर. 2022 पासून स्पर्धेच्या आयोजकांना स्थानिक नियम लावून लांबी 46 इंचांवर आणता येते. तो नियम मुख्यतः व्यावसायिक स्पर्धांसाठी आहे, क्लबातल्या खेळाडूला त्याची झळ सहसा लागत नाही. हेड मात्र आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या मान्य ड्रायव्हरांच्या यादीत आहे ना, हे बघाच. यादीत मॉडेलबरोबर लॉफ्टही (फेस मागे किती कललेला आहे तो कोन) दिलेला असतो, तोही जुळवा. वापरलेला ड्रायव्हर घेत असाल तर हे दुप्पट गरजेचं, कारण नकली माल हुबेहूब दिसतो. होझलवरचा (शाफ्ट हेडमध्ये शिरतो त्या मानेवरचा) सिरियल नंबर वाचा. हेड कानाशी धरून हलवा, आत काही खुळखुळत असेल तर गोंदाचा तुकडा सुटलेला असतो. फेसवरून नख फिरवून तडा आहे का ते चाचपा.

आणि जुन्या ड्रायव्हरची ग्रिप. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. चार वर्षं वापरून गुळगुळीत झालेली ग्रिप आणि नवी कोरी चिकट ग्रिप यांची तुलना करायला गेलात तर नवा ड्रायव्हर निम्मी लढाई तिथेच जिंकतो. जुनी ग्रिप साबणाच्या कोमट पाण्यानं ब्रशनं घासून, पुसून, वाळवून न्या. फारच गेली असेल तर आधी ती बदलून घ्या. कधी कधी तेवढ्यावरच काम भागतं.

शाफ्टबद्दल दुकानदाराच्या सवयीवर विसंबू नका. बाई दिसली की एल (लेडीज), पांढरे केस दिसले की सीनियर, तरुण दिसला की स्टिफ, असं हातात ठेवलं जातं. शाफ्ट ठरतो तो स्विंगच्या वेगावर आणि लयीवर. साधारण ठोकताळा असा की ताशी 85 ते 95 मैलांच्या दरम्यान रेग्युलर आणि त्यापुढे स्टिफ. पण सावकाश वर नेऊन सावकाश खाली आणणाऱ्याला आणि झटक्यानं मारणाऱ्याला, दोघांचा वेग सारखा असला तरी एकच शाफ्ट मानवेल असं नाही. म्हणून एकाच हेडला दोन वेगवेगळे शाफ्ट लावून मिळतात का ते विचारा. बहुतेक कंपन्यांच्या हेडला पान्यानं शाफ्ट बदलता येतो, त्यामुळे प्रो शॉपला हे काम दोन मिनिटांचं असतं.

पिशवीत काय न्यायचं? जुना ड्रायव्हर, तो नसेल तर गेलेला दिवस फुकट. पान्याची किल्ली. दोन उंचीच्या टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या खुंट्या. एक व्हाइटबोर्डचा मार्कर. दोन फडकी, एक ओलं आणि एक कोरडं. वही आणि पेन्सिल. तुम्ही नेहमी खेळता त्या मॉडेलचे सहा चेंडू. फोन आणला तरी पिशवीतच राहू द्या. प्रत्येक फटक्याचा व्हिडिओ काढायला लागलात की हात व्हिडिओसाठी खेळायला लागतो.

वेळ सकाळची निवडा. पुण्यात उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि मग ड्रायव्हर मोजताय की वारा, ते कळेनासं होतं. मात्र अगदी उजाडताही नको. दव पडलेलं असलं की फेस आणि चेंडू यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो आणि चेंडू भलताच उडतो. ऊन थोडं वर येऊ द्या आणि प्रत्येक फटक्याआधी फेस कोरड्या फडक्यानं पुसा.

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, गेल्या गेल्या ड्रायव्हर काढू नका. वेज आणि सात नंबरचं आयर्न या आखूड काठ्यांनी मिळून पंधरा-वीस चेंडू मारा, कंबर आणि खांदे मोकळे होऊ द्या. मग मार्करनं चेंडूवर एक जाड ठिपका काढा आणि तो ठिपका फेसकडे वळवून चेंडू टीवर ठेवा. फटका बसला की फेसवर तेवढाच निळा ठिपका उमटतो. तो कुठे उमटला ते वहीत टिपायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, पुढचा चेंडू. माझ्या मते सगळ्या चाचणीतलं सर्वांत खरं बोलणारं हत्यार हा दहा-वीस रुपयांचा मार्कर आहे. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, आडवा आणि उभा किंचित फुगीर असतो. त्या फुगीरपणामुळे आणि फटक्यात हेड जरा फिरल्यामुळे टोकाकडे, म्हणजे टोवर बसलेला चेंडू उजवीकडे सुटून डावीकडे वळत परत येतो आणि हीलवर, म्हणजे शाफ्टजवळच्या बाजूला, बसलेला डावीकडे सुटून उजवीकडे वळतो (उजव्या हातानं खेळणाऱ्याचं सांगते आहे). म्हणजे जो स्लाइस (चेंडूचं उजवीकडे वळणं) तुम्ही हातांचा दोष समजत होता, तो निव्वळ हीलवर बसणाऱ्या चेंडूचा असू शकतो. माझं तसंच होतं. पहिल्या पाच ठिपक्यांपैकी चार होझलपासून दोन बोटांवर होते. ते ठिपके बघताना मला एकदम हलकं वाटलं, कारण त्यावर उपाय होता: अर्धा इंच खाली धरायचं आणि चेंडूपासून जराशा अंतरानं उभं राहायचं.

मारण्याची पद्धत अशी ठेवा: पाच जुन्यानं, पाच नव्यानं, असं तीनदा. एकूण तीस. ओळीनं तीस नव्यानंच मारलेत तर शेवटचे दहा चांगले बसणारच, कारण तोवर शरीर तापलेलं असतं, आणि श्रेय ड्रायव्हरला जातं. तिसाच्या पुढे जाऊ नका. थकलेली पाठ खोटं बोलते. प्रत्येक फटक्याची नोंद करा, फसलेलाही लिहा. ‘हा धरायचा नाही, हात सुटला’ असं म्हणून एकही खोडू नका. कोर्सवर असा फटका खोडता येत नाही.

रेंजच्या अंतरावर मात्र भरवसा नको. रेंजचे चेंडू कडक, टिकाऊ आणि वर्षानुवर्षं मार खाल्लेले असतात, ते कमी जातात आणि प्रत्येक जण वेगळा जातो. इथे दिशा आणि ठिपका बघायचा. मॅटवरची रबरी टीही तपासून घ्या. चेंडूचा साधारण अर्धा भाग हेडच्या वर दिसायला हवा. रबरी टी बुटकी असेल तर गवताचा पट्टा मागा. बुटक्या टीवरून मारून ‘हा ड्रायव्हर खाली जातो’ असं ठरवणं त्या बिचाऱ्यावर अन्याय आहे.

लाँच मॉनिटर (फटका मोजणारं यंत्र) मिळत असेल तर जरूर घ्या, आणि तिथे स्वतःचे चेंडू वापरा. आकडे पंचवीस दिसतील, चारांकडे बघा: चेंडूचा वेग, सुटण्याचा कोन, बॅकस्पिन (चेंडूची उलटी फिरकी) आणि हवेतलं अंतर. चेंडूचा वेग भागिले स्विंगचा वेग, ज्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात, तो ड्रायव्हरला फार तर 1.5 च्या आसपास जातो. तुमचा 1.38 येत असेल तर नव्या ड्रायव्हरपेक्षा मधोमध मारण्यात जास्त यार्ड दडलेले आहेत. मंद वेग असणाऱ्यांनी लॉफ्टची लाज बाळगू नये. साडेनऊ अंश पिशवीत मिरवायला बरं दिसतं, पण आपल्यापैकी बहुतेकांचा चेंडू साडेदहा-बारा अंशांनीच हवेत टिकतो.

आवाजानं फसू नका. टायटॅनियमचा फेस टण्ण वाजतो. टेलरमेड कंपनीनं 2022 मध्ये स्टेल्थ या ड्रायव्हरला कार्बनचा फेस दिला, त्याचा आवाज दबका, थप्प असा. टण्ण ऐकलं की लांब गेल्यासारखं वाटतं. वाटू द्या, लिहा मात्र चेंडू पडला ती जागा.

होझलची आणि वजनांची सेटिंग पहिल्या दिवशी कारखान्यातून आली तशीच ठेवा. नंतर बदलायची तर एका वेळी एकच. लॉफ्ट वाढवलं की फेस थोडा डावीकडे बंद होतो, कमी केलं की उघडतो. वजन हीलकडे नेलं की स्लाइस जरा आवरतो. दोन गोष्टी एकदम बदलल्यात तर गुण कशाचा आला हे कधीच कळणार नाही. किल्ली ‘कट’ असा आवाज करेपर्यंतच फिरवा, पुढे जोर लावू नका.

मग दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि परत रेंजवर या. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते इथे तंतोतंत लागू आहे. दुसऱ्या खेपेला फक्त पहिले पाच चेंडू महत्त्वाचे. पहिल्या टीवर थंड अंगानं जो फटका निघतो, तो असाच असतो.

आता कोर्स. यासाठी मधल्या वारचा, गर्दी नसलेला, स्पर्धेशिवायचा दिवस धरा. दोन ड्रायव्हर पिशवीत घातलेत तर क्लब, म्हणजे काठ्या, पंधरा होतात आणि नियम चौदांचा आहे. स्पर्धेत पंधरावा सापडला तर ज्या ज्या होलवर तो पिशवीत होता त्या प्रत्येकाला दोन फटके दंड, जास्तीत जास्त चार. म्हणून सरावाच्या फेरीतही एक लांब आयर्न घरी ठेवायची सवय लावा. राउंड चालू असताना होझलची सेटिंग बदलणंही नियमात बसत नाही, तेव्हा किल्लीचा मोह गाडीतच ठेवा. दोन चेंडू खेळायचे असतील तर आधी स्टार्टरला (पहिल्या टीवरून गट सोडणाऱ्याला) विचारा, आणि मागचा गट दिसला की एक उचला.

पार तीनचे (तीन फटक्यांत संपवायचे) चार होल सोडले तर अठरा होलांत ड्रायव्हरला साधारण चौदाच संधी असतात. त्यातले चार-पाच आदल्या रात्री निवडा: एक अगदी मोकळा, एक डावीकडे झाडं असलेला, एक उजवीकडे ओबी (हद्दीबाहेरचा भाग) असलेला, आणि एक, जो तुम्हाला नेहमी घाबरवतो. शेवटचा वगळू नका. रेंजवर शंभर यार्ड रुंद मैदान असतं. ओबीचे पांढरे खुंट दिसत असताना जो ड्रायव्हर हातात हलका लागतो, तोच आपला. एका होलवर आधी जुना, पुढच्यावर आधी नवा. दुसरा फटका नेहमी सुधारून येतो, तो फायदा एकालाच मिळता कामा नये.

जागाही पारखून घ्या. पुण्यात बावधनजवळच्या डोंगरावरच्या ऑक्सफर्डसारख्या कोर्सवर उतारावर मारलेला ड्राइव्ह बघून कुणीही खूश होईल. मोजायचं ते सपाट होलवर. मुंबईत, चेंबूरच्या कोर्सवर आजमावून पुण्यात खेळणार असाल, तर पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, दोनशे यार्डांमागे तीन-चार यार्ड हवेचेच मिळतात, ते ड्रायव्हरच्या नावावर टाकू नका. पावसाळ्यात चेंडू पडतो तिथेच रुततो, एप्रिलमध्ये वाळलेल्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चाळीस यार्ड पळतो. म्हणून पडण्याची जागा बघा, थांबण्याची नव्हे.

ती बघायला आगेवाल्यासारखा, म्हणजे चेंडू कुठे पडतो ते बघायला पुढे उभा राहणाऱ्या कॅडीसारखा, माणूस नाही. टी-ऑफआधी त्याला सांगून ठेवा की पहिला टप्पा कुठे पडला ते हातानं दाखव. आणि पिशवी वाहणाऱ्या कॅडीला कुठला ड्रायव्हर नवा हे न सांगता विचारा. माझ्या चाचणीच्या दिवशी सातव्या होलपर्यंत आमचे कॅडीदादा काही बोलले नाहीत. मग पिशवी खांद्यावर घेत म्हणाले, “मॅडम, काळ्यानं मारलं की तुम्ही चेंडूकडं बघताय. दुसऱ्यानं मारलं की आधी झाडांकडं बघताय.” मी वहीत तेच वाक्य लिहिलं. काळा जुना होता.

प्रत्येक ड्राइव्हनंतर वहीत अंतराऐवजी एवढंच लिहा: दुसऱ्या फटक्याला हातात काय आलं. नव्यानं आठ नंबरचं आयर्न आणि जुन्यानं सहा नंबरचं (नंबर मोठा म्हणजे उरलेलं अंतर कमी), दोन्ही फेअरवेवरून, असं चार होलांवर झालं तर घ्या. नव्यानं एकदा वेज आणि तीनदा झाडांतून बाहेर काढायचा फटका, असं झालं तर परत द्या. मी तो परत दिला आणि तीन आठवड्यांनी तेच हेड मऊ, हलक्या शाफ्टसह पुन्हा मागवलं, त्याच चार होलांवर नेलं. तेव्हा घेतलं.

घेतल्यावर बिल आणि सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. पहिले दोन राउंड मैत्रीचे खेळा, कार्डाचा राउंड तिसरा. आणि त्या तिसऱ्या दिवशी जुना ड्रायव्हर गाडीच्या डिकीत असू द्या, ग्रिप पुसलेली, कव्हर घातलेलं.