कपडे वाळवणारा विजेचा ड्रायर : बिघाड समजण्याआधी या चुका टाळा

विजेच्या ड्रायरबाबत सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार एकच असते : यंत्र चालते, ड्रम फिरतो, पण कपडे पूर्वीसारखे वाळत नाहीत. अशा वेळी हीटर गेला असावा असे गृहीत धरून मेकॅनिकला बोलावले जाते, किंवा थेट नवा हीटर मागवला जातो. वास्तविक, बाहेर काढलेले कपडे गरम पण दमट लागत असतील, तर हीटर आपले काम करत आहे हे त्यातूनच कळते. उष्णतेने कपड्यांतील पाण्याची वाफ होते. ती ड्रममधून वाहून नेण्याचे काम मात्र हवेचे असते, आणि हवा अडली की ड्रममध्ये बाष्पाने भरलेली उष्ण हवाच घोळत राहते. म्हणून तपासणीची सुरुवात सुट्या भागांपासून न करता हवेच्या मार्गापासून करावी. (येथे विचार केला आहे तो उष्ण हवेने कपडे वाळवणाऱ्या स्वतंत्र ड्रायरचा, वॉशिंग मशीनमध्ये केवळ वेगाने फिरवून पाणी काढणाऱ्या टबाचा नव्हे.)

जाळी स्वच्छ दिसते, तरीही

कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू, म्हणजेच लिंट, अडवण्यासाठी ड्रायरमध्ये फिल्टरची जाळी असते. ती प्रत्येक फेरीनंतर साफ करावी हे बहुतेकांना ठाऊक असते. अडचण वेगळ्याच ठिकाणी असते. फॅब्रिक सॉफ्टनर किंवा ड्रायरमध्ये कपड्यांसोबत टाकायची सुगंधी ड्रायर शीट नियमित वापरल्यास जाळीवर मेणासारखा पारदर्शक थर बसतो. हाताने लिंट काढल्यावर जाळी स्वच्छ दिसते, पण तिची छिद्रे बुजलेली असतात. जाळी नळाखाली धरून पाहावी. पाणी आरपार न जाता तिच्यावर साचू लागले, तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश वापरून ती धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावी. जाळी जिथे बसते त्या खाचेतही लिंट साचते. व्हॅक्यूम क्लीनरच्या चपट्या तोंडाने ती अधूनमधून ओढून काढावी. फाटलेली किंवा चौकटीतून सुटलेली जाळी ‘चालेल काही दिवस’ म्हणून वापरणे ही मात्र मोठी चूक आहे, कारण मग सगळे तंतू थेट पंख्यात, हीटरच्या आसपास आणि नळीत जातात.

भिंतीमागची नळी

दमट हवा घराबाहेर सोडणाऱ्या ड्रायरमध्ये खरी गुंतागुंत नळीत असते, आणि ती नजरेआड असल्यामुळे वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. या नळीचा व्यास साधारणपणे 100 मिलिमीटर, म्हणजे चार इंच असतो. प्लास्टिकची किंवा पातळ फॉइलची, घड्या पडणारी लवचीक नळी बसवायला सोपी असली तरी तिच्या प्रत्येक घडीत लिंट अडकते, यंत्र भिंतीकडे सरकवताना ती चेपते, आणि प्लास्टिकची नळी तर आग लागल्यास स्वतःच जळते. आतून गुळगुळीत असलेला धातूचा कडक पाइप केव्हाही श्रेयस्कर. त्याचे सांधे जोडताना आतपर्यंत घुसणारे स्क्रू वापरू नयेत, कारण स्क्रूच्या टोकांना तंतू अडकून तेथेच गोळा तयार होतो; धातूच्या फॉइलची चिकटपट्टी वापरावी.

नळी जितकी लांब आणि वळणाची, तितकी हवा मंदावते. निवासी बांधकामासाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या नियमावलीत या नळीची कमाल लांबी 35 फूट, म्हणजे सुमारे 10.7 मीटर धरली आहे, आणि काटकोनातील साध्या वळणासाठी त्यातून 5 फूट वजा केले जातात. दोन वळणे घेतली की 25 फूटच उरतात. निर्मात्याच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल, तर अर्थात तो पाळावा. नळीच्या बाहेरच्या तोंडावर पक्षी शिरू नयेत म्हणून बारीक जाळी ठोकण्याची हौस अनेकांना असते. ती जाळी काही आठवड्यांत लिंटने बुजते; तेथे हवेच्या दाबाने उघडणारी आणि यंत्र थांबल्यावर मिटणारी झडप पुरेशी असते.

दोष नळीत आहे की यंत्रात, हे ठरवणे अवघड नाही. ड्रायर सुरू असताना बाहेर जाऊन झडप पाहावी : ती पूर्ण उघडलेली असावी आणि हाताला हवेचा जोर स्पष्ट जाणवावा. जोर नसेल तर विद्युतपुरवठा बंद करून नळी यंत्रापासून सोडवावी आणि एक फेरी तशीच चालवून पाहावी. आता कपडे नीट वाळले, तर दोष नळीत आहे. तरीही हवा मंदच असेल, तर यंत्राच्या आत लिंट साचली आहे किंवा पंख्यात दोष आहे. ही चाचणी केवळ विजेच्या ड्रायरवर करावी. गॅसच्या ड्रायरमधून ज्वलनाचा धूरही त्याच नळीने बाहेर जात असल्याने तेथे असे करणे जिवावर बेतू शकते.

एक बाब सहसा कोणी सांगत नाही. बाहेर सोडलेली हवा खोलीतूनच घेतली जाते, त्यामुळे बंद दाराच्या चिंचोळ्या कपाटवजा जागेत ठेवलेल्या ड्रायरला ओढायला हवाच उरत नाही. नळी निर्दोष असूनही कपडे ओले राहत असतील, तर एकदा दार उघडे ठेवून फरक पडतो का ते पाहावे.

नळी नसलेल्या कंडेन्सर ड्रायरमध्ये वाफेचे पुन्हा पाणी करून टाकीत साठवले जाते. टाकी भरल्यावर यंत्र थांबते, हा बिघाड नसतो. कंडेन्सर बाहेर काढता येत असल्यास तो पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत वाहत्या पाण्याखाली धुवावा. हीट पंप ड्रायरमध्ये (फ्रिजसारख्या शीतक-यंत्रणेने तीच उष्णता पुन्हा वापरणाऱ्या) कंडेन्सरच्या धातूच्या पातळ पात्या मात्र काढता येत नाहीत. त्या सहज वाकतात, म्हणून मऊ ब्रशच त्यांच्या दिशेने हलकेच फिरवावा. हीट पंप ड्रायर कमी तापमानावर चालतो आणि फेरीला जास्त वेळ घेतो. जुन्या ड्रायरची सवय असलेल्यांना ही संथ गती दोष वाटते. ती त्याची रीतच आहे, आणि वीज वाचते ती उष्णता पुन्हा वापरल्यामुळे.

पाणी आधी पिळून काढा

एक लिटर पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे 0.63 युनिट वीज लागते. कोणतीही उष्णता वाया जात नाही असे धरले, तरी 2 किलोवॉटच्या हीटरला त्यासाठी 19 मिनिटे लागतील. तेच पाणी वॉशिंग मशीनमध्ये वेगाने पिळून काढायला याच्या तुलनेत नगण्य वीज पुरते. ड्रायर मंद झाल्याची तक्रार करण्यापूर्वी वॉशिंग मशीनच्या पिळण्याचा वेग कोणी कमी करून ठेवला नाही ना, हे पाहावे. ड्रम गच्च भरला तर कपडे वर उचलले जाऊन सुटे पडत नाहीत आणि त्यांच्यातून हवा जात नाही. उलट, दोनच कपडे टाकले तर वेगळी गंमत होते : ड्रममधील दोन धातूच्या पट्ट्या ओल्या कापडाची विद्युतवाहकता मोजून ओलावा ठरवतात, आणि कपडे त्यांना पुरेसे टेकलेच नाहीत तर यंत्र ‘वाळले’ असे समजून फेरी लवकर संपवते. या पट्ट्यांवरही सॉफ्टनरचा थर बसतो. स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने त्या पुसल्या की अर्धवट ओल्या कपड्यांची तक्रार पुष्कळदा मिटते.

उष्णताच येत नसेल तर

ड्रम फिरतो पण कपडे थंडच राहतात, अशा वेळी आधी सेटिंग ‘थंड हवा’ यावर तर नाही ना, हे पाहावे. अमेरिकेसारख्या देशांत ड्रायरला 240 व्होल्टचा पुरवठा दोन जिवंत तारांनी मिळतो. त्यांपैकी एक बाजू ट्रिप झाली, तर मोटर चालते आणि हीटर मात्र बंद राहतो. पुरवठा ठीक असेल, तर हीटरची कॉइल आणि थर्मल फ्यूज यांच्याकडे वळावे. प्लग काढून, हीटरच्या तारा सोडवून मल्टिमीटरने मोजल्यास 230 व्होल्ट आणि 2 किलोवॉटच्या हीटरचा रोध सुमारे 26 ओहम दिसायला हवा. अनंत दाखवत असेल, तर कॉइल तुटली आहे.

थर्मल फ्यूज हा एकदाच उडणारा सुरक्षा घटक आहे. तो उडाल्यावर काही मॉडेलमध्ये उष्णता बंद होते, तर काहींमध्ये यंत्र सुरूच होत नाही. येथे घडणारी चूक सर्वांत घातक असते : फ्यूजच्या दोन्ही टोकांना तार जोडून यंत्र ‘चालू’ केले जाते. नवा फ्यूज बसवूनही तो थोड्याच दिवसांत पुन्हा उडाला, तर दोष फ्यूजच्या दर्जाचा मानण्याआधी तुंबलेली नळी आणि ठरावीक तापमानाला हीटर बंद करायला विसरणारा थर्मोस्टॅट यांची तपासणी करावी.

मोटरचा आवाज येतो पण ड्रम फिरत नाही आणि हाताने तो अगदी सहज फिरतो, तर बेल्ट तुटलेला असतो. सतत किंचाळल्यासारखा आवाज बहुधा बेल्ट ताणणाऱ्या पुलीचा, तर ठराविक लयीतला धपधप आवाज ड्रमखालच्या रोलरचा असतो.

आगीचा धोका

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या काळातील घरगुती ड्रायरच्या आगींचा आढावा घेतला, तेव्हा साफसफाईकडे दुर्लक्ष हे 34 टक्के आगींमागील प्रमुख कारण आढळले. लिंट चटकन पेट घेते. याखेरीज खाद्यतेल, मालिशचे तेल किंवा जवसाचे तेल लागलेली फडकी आणि टॉवेल धुतल्यानंतरही ड्रायरमध्ये टाकू नयेत. कापडात उरलेल्या तेलाचे उष्णतेने वेगाने ऑक्सिडीकरण होते आणि गरम कपड्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. फेरीच्या शेवटी थंड हवेचा टप्पा असतो तो यासाठीही. घाईने यंत्र मध्येच थांबवावे लागलेच, तर कपडे लगेच पसरून ठेवावेत. फोम, रबर किंवा पेट्रोलसारख्या ज्वालाग्राही द्रवाचा डाग लागलेले कापड ड्रायरपासून दूरच ठेवावे.

230 व्होल्टवरील 2 ते 2.5 किलोवॉटचा ड्रायर 9 ते 11 अँपिअर प्रवाह सलग तासभर ओढतो. साध्या एक्स्टेन्शन बोर्डाला हे झेपत नाही. ड्रायर थेट भिंतीतील योग्य क्षमतेच्या सॉकेटलाच जोडावा. प्लग हाताला चांगलाच तापलेला लागला किंवा त्याच्या पिनांजवळ तपकिरी डाग दिसला, तर वापर थांबवून सॉकेट बदलून घ्यावे.

हीट पंप ड्रायरचे शीतकाचे बंद परिपथ घरी उघडू नये, कारण काही मॉडेलमध्ये ज्वालाग्राही प्रोपेन वायू असतो. यंत्र आडवे करून हलवले असेल, तर पुस्तिकेत दिलेला वेळ ते उभे ठेवूनच सुरू करावे. मेकॅनिकला बोलावताना ड्रम फिरतो का, कपडे गरम होतात का, बाहेरच्या तोंडाशी हवेचा जोर आहे का आणि फ्यूज याआधी कधी बदलला होता, एवढे सांगितले तर तो योग्य सुटा भाग सोबत घेऊन येऊ शकतो.